गोंयसून काय हाडतलंस?

२६ मार्च १९५४

दादाने मुंबईहून पाठवलेली ही डायरी जानेवारीपासून कोरीच पडून होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. होडी गेली, होडी आली, मासळी वाटून झाली, भांडी घासली, झोपलो. सातवीची परीक्षा पास झालेल्या बाईने एवढंच लिहायचं असेल तर शाई फुकट घालवू नये, असं मला वाटायचं.

आज मात्र घडलं. सासूबाई बाजारातून आल्या, रिकामी टोपली पडवीत पालथी घातली, पाय धुतले आणि चुलीशी येऊन म्हणाल्या, "पाडवो झालो काय तुका माझ्या वांगडा गोंयाक येवचा आसा."

भाकरी तव्यावरच करपली. मालवणच्या बाहेर मी गेले आहे ती माहेरी, कट्टा गावापर्यंत, आणि एकदा कुडाळला. आणि आता गोवा. पोर्तुगीजांचा मुलुख, दुसरं राज्य, दुसरे शिपाई, दुसरी नाणी. म्हणजे परदेशच की.

सासूबाईंची मावसबहीण काशीबाई तिकडे म्हापशाजवळ राहते. तिने एका व्यापाऱ्याबरोबर निरोप धाडला होता की, येताना सुनेला घेऊनच ये, तिला बघितल्याशिवाय काही व्हायचं नाही. मला नवल वाटलं. मला कोण कशाला बघायला मागतंय? पण बरंही वाटलं. तिकडच्या देवीला सासूबाईंचा काही नवस आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही, तेव्हा नवस कसला ते मला कळतं. मी विचारलं नाही.

फक्त हे जरा घुश्शात होते. जेवताना म्हणाले, "आये, तिका कित्याक व्हरतंस?"

सासूबाई म्हणाल्या, "तिच्याच डोळ्यांनी तिका बघूंदे. पाठसून केलंव असा उद्या कोणी म्हणूक नको."

बरोबरच आहे. नवस ज्याच्यासाठी, त्याने देवीपुढे उभं राहायलाच हवं.

३० मार्च

वाडीभर बातमी झाली. विहिरीवर जावं तर प्रत्येकीचा एकच प्रश्न, "गोंयसून काय हाडतलंस?"

माझा दीर बाबली वीस वर्षांचा झाला तरी त्याला चॉकलेट पाहिजे. सोनेरी कागदातलं, मुंबईत मिळतं तसलं नको, खास पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, देशातून आलेलं. आमच्या होडीवरचे भिकाजी म्हणाले, मला बिस्किटं आण, पण डब्यासकट. त्यांच्या तोंडात आता दोनच दात आहेत आणि तेही एकमेकांना भेटत नाहीत. शेजारच्या पार्वतीला तांबड्या मेणातलं चीज बघायचंय. खायचं नाही म्हणते, नुसतं बघायचंय, कारण तिच्या भावाने सांगितलंय की ते नासलेल्या दुधाचं असतं आणि तरी साहेब लोक ते मिटक्या मारत खातात.

पार्वती दुपारभर पडवीत बसून होती. तिने बंदराकडच्या एका तांडेलाची गजाल सांगितली. त्याने म्हणे गोव्यातून दुसरी बायको आणली. इकडे मुंबई सरकारचा कायदा आडवा येतो, तिकडे कोण विचारतो? पहिलीला मूल नव्हतं. आता पहिली परसात भांडी घासते आणि नवी पडवीत बसते. मला फार वाईट वाटलं. बिचारीला आधी कोणी सांगितलंही नसेल. हे तिथेच जाळं विणत बसले होते. पार्वतीचं बोलणं ऐकता ऐकता यांनी नको तिथला दोरा कापला आणि उठून बंदरावर निघून गेले.

यांना विचारलं, तुम्हाला काय आणू? म्हणाले, "काय नको. जशी हसत जातंस तशीच हसत ये."

एवढंच? मी तर हसतच येणार. त्यासाठी गोव्याला जायला कशाला पाहिजे.

५ एप्रिल, काशीबाईचं घर

आलो. अंगाचा कणन् कण दुखतोय, पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

पहाटेची एस.टी. पकडून कुडाळ, तिथून सावंतवाडी, मग दुसऱ्या गाडीने इन्सुलीवरून बांदा. सासूबाईंच्या मांडीवर सुक्या सोड्यांची आणि खाऱ्या सुरमईची पिशवी होती. काशीबाईकडे न्यायला त्यांनी सगळ्यांत चांगला माल निवडला होता. त्या वासाने गाडीतल्या एका गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. सासूबाईंनी त्यांना विचारलं, तुमच्या घरी काय चिकण माती खातत काय? मग ते रुमाल काढून बसले.

बांद्याला आपल्या लोकांनी सामान बघितलं, पुढे तिकडच्यांनी बघितलं. तिकडचा शिपाई काळाकुट्ट होता, आफ्रिकेतला. त्याने आमच्या पिशवीत डोकावून एक सोडा उचलला आणि तोंडात टाकला. मग मान हलवून हसला. मी आयुष्यात पहिल्यांदा परका देश बघत होते आणि परका देश आमचे सोडे चघळत होता.

पुढे सगळं तसंच. तेच माड, तेच काजू, तोच तांबडा धुरळा. सासूबाई खिडकीतून बघत बघत म्हणाल्या, "ह्यो परदेश? माका वाटलला थंय माड उलटे आसतले."

मी इतकी हसले की त्याही हसल्या. सहा वर्षांत आम्ही दोघी एकत्र हसल्याचं मला आठवत नाही. लगेच त्यांनी तोंड फिरवलं, जणू चुकून काही सांडलं.

७ एप्रिल

काल देवीचं दर्शन घेतलं. सासूबाई बराच वेळ हात जोडून होत्या. मी आपलं मागितलं ते मागितलं आणि वर जाताजाता हेही मागितलं की म्हापशाचा बाजार चुकू नये.

आज मात्र खरी गंमत. काशीबाईच्या शेजारी नाना म्हणून एक विधुर गृहस्थ राहतात, काजूची बाग आहे. त्यांच्याकडे चहाला गेलो. पाटावर बसवलं, रव्याचे लाडू दिले. मग आतून त्यांची मुलगी पाणी घेऊन आली. हिरा तिचं नाव. निमगोरी, लांब वेणी, खाली मान. काशीबाई म्हणाली, "चार माणसांचा रांधता, शिवण येता." सासूबाईंनी तिला चालायला लावलं, एक-दोन प्रश्न विचारले. नानांनी होडी केवढी, जाळी किती, घर स्वतःचं का, सगळं विचारून घेतलं.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. नवस बिवस सगळं निमित्त. सासूबाई बाबलीसाठी मुलगी बघायला आल्यात आणि मला पत्ता लागू दिला नाही, कारण मी बाबलीला सांगितलं असतं. खरं म्हणजे सांगितलंच असतं.

मला इतका आनंद झाला की काय लिहू. घरात मला जाव येणार. दुपारच्या वेळी बोलायला कोणीतरी. हिरा बाबलीपेक्षा थोडी मोठी वाटली, पण त्याला कोणीतरी दटावणारी हवीच आहे.

मग नानांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "बाये, तुझी काय हरकत नाय मां?"

मी म्हटलं, "माझी कसली हरकत? मी तर वाट बघतंय. घर भरतला."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, असं मन देवाने फार थोड्या बायकांना दिलेलं असतं. मला जरा जास्तच वाटलं ते. जावेला हरकत घेणारी मी कोण? सासूबाई लाडवाचा तुकडा हातात तसाच धरून बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि जेवल्या नाहीत.

९ एप्रिल, शुक्रवार

म्हापशाचा बाजार. आता सांगते.

मालवणचा बाजार म्हणजे मासळी, भाजी आणि भांडण. हा बाजार म्हणजे जत्रा. एका रांगेत नुसती केळी, त्यातली काही माझ्या हाताच्या कोपरापर्यंत लांब. एका रांगेत मडकी. एका रांगेत पाव, गोल, लांबट, कांकणासारखे, इतके ताजे की त्या वासाने पोट आपोआप पुढे चालायला लागतं. मग दुकानं, तिथे आगबोटीने आलेला माल. डबेच डबे. डब्यांवर गाई, पवनचक्क्या, सोनेरी केसांच्या बायका.

सासूबाई पहिल्यांदा पदर नाकाला लावून चालत होत्या. ख्रिस्ती लोकांच्या हातचं खाल्लं तर बाटतलंव, असं दोनदा म्हणाल्या. मग एका दुकानात त्यांना एक चपटा डबा दिसला, वर माशाचं चित्र. दुकानदाराने सांगितलं, आत तेलात घातलेले तारले आहेत, पोर्तुगालहून आलेले. सासूबाईंनी डबा कानाशी धरून हलवला. "इतक्या लांबसून तारलो येता? आणि माणसां पैसे देवन खातत?" चाळीस वर्षं तारले विकणाऱ्या बाईला हे पटेना. तारल्याला एवढा मान मिळालेला बघून त्यांना बरंही वाटलं असावं. डबा घेतला. बाजारातल्या बायकांना दाखवायचा म्हणून. तिथून पुढे बाटण्याची गोष्ट निघाली नाही.

काय घ्यायचं ते मला निवडायला सांगितलं. मला. मी घरातलं मीठसुद्धा विचारून घेते. पण माझं सगळं मनात ठरलेलं होतं. भिकाजींना बिस्किटं नकोत, बिस्किटाने त्यांच्या हिरड्या सोलतील. डबा द्यायचा, पण त्यात दोदोल घालून. नारळाच्या रसाचा आणि गुळाचा तो काळा हलवा जिभेनेच मोडतो. पार्वतीला तांबड्या मेणातला लहान गोळा. बाबलीला चॉकलेट, पण मोठं एक नको, लहान खूप हवीत, कारण तो वाटत सुटतो आणि मग स्वतःला उरत नाही म्हणून तोंड पाडतो. घरासाठी बेबिंक, पापुद्र्यावर पापुद्रा. एकेक थर वेगळा भाजायचा, वरून निखारे ठेवून. करणाऱ्या बाईला मी सगळं विचारून घेतलं. यांना गोड चालत नाही, म्हणून यांच्यासाठी मिसकूट, कैरीचं लोणचं, लहान बरणी.

मग मी पेराद घेतलं, पेरूची घट्ट, तांबडी वडी. सासूबाईंनी विचारलं, "ह्या कोणाक?"

मी म्हटलं, "तुमका."

त्या म्हणाल्या, मला काही नको. मी म्हटलं, तुमच्या उजवीकडच्या दाढा दुखतात, कडक चावत नाही. बाजारातून येताना तुम्ही गुळाचा खडा गालात ठेवता, देवळापाशी तो संपतो आणि तिथून पुढे तुमची चाल मंदावते. ही वडी गालात ठेवली तर घरापर्यंत पुरेल.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "माका गुळ लागता ह्या तुका कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक व्हया? रोज तुमची टोपली मीच धुतंय. कागदाक गुळ लागलेलो आसता."

हिरा आणि काशीबाई बरोबर होत्या. काशीबाई सासूबाईंना म्हणाली, यमुने, आता हिराला काय आवडतं तेही तिला घेऊन दे, रीत आहे. सासूबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ऊन फार झालं म्हणून एका माडाखाली जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत.

१० एप्रिल

सकाळी विहिरीवर हिरा भेटली. मी आपलं तिला सगळं घर सांगितलं. परसातली नीरफणस, खिडकीतून दिसणारा किल्ला, पावसात छप्पर कुठे गळतं. सासूबाई वरून काटेरी, पण मला ताप आला तेव्हा बाजार बुडवून उशाशी बसल्या होत्या, फक्त ते कोणाला सांगायचं नाही. मग मी बाबलीची तारीफ केली. पोहण्यात कोणी हात धरणार नाही, व्यसन नाही, आवाज चांगला.

तिने विचारलं, "बाबली म्हणजे?"

"माझो दीर. धाकटो."

"धाकटो?" तिने पुन्हा विचारलं. "आणि परशुराम?"

मी लाजले. आपण नाव घेत नाही. म्हटलं, ते माझे.

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला वाटलं माझ्या कपाळावर काही लागलंय. घागर तशीच ठेवून तिने माझा हात धरला. म्हणाली, "वयनी, तुमी खूप बऱ्या आसात." आणि रडायला लागली. माहेर सुटणार म्हटल्यावर मीही अशीच रडले होते. मी तिला समजावलं की मालवण काही लांब नाही, दरवर्षी आपण दोघी मिळून येऊ.

दुपारी ती आमच्याकडे आली. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तिने सासूबाईंना तुळशीपाशी बोलावून हळू आवाजात काही सांगितलं. मला एवढंच ऐकू आलं, "तेंका खबरच नाय, मावशी." कोणाला कसली खबर नाही ते कळलं नाही. सासूबाई तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या. हिरा निघून गेल्यावरही बसून होत्या. मी जाऊन विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काय नाय गो. ऊन."

ऊन नव्हतं. कट्ट्यावर माडांची सावली होती.

११ एप्रिल

उद्या निघायचं. बेबिंक केळीच्या पानात बांधलं, वर फडकं, वर पुन्हा पान.

संध्याकाळी नाना आले. एक पत्र्याची पेटी आणली, तांबडं कापड बांधलेली. आत साखर, खोबऱ्याच्या वड्या, पेढे, वर शेंडीचा नारळ. मला दाखवून मग बांधली. काशीबाई म्हणाली, "ही वाटेत सोडू नको. घराक जावन देवाकडे ठेव आणि परशुरामाच्या हातान सोडून घी. मगे गजाल पक्की."

बरोबरच आहे. सासरे नाहीत, तेव्हा घरातला थोरला पुरुष म्हणजे हेच. बाबलीचा साखरपुडा यांच्याच हाताने उघडायला हवा.

सासूबाईंनी पेटी घेतली नाही. काशीबाईने ती आमच्या बोचक्याजवळ नेऊन ठेवली. हिरा आली नव्हती. नाना म्हणाले, सकाळपासून ती कोणाशी बोलत नाही, पण मुलींचं असंच असतं.

१२ एप्रिल, सावंतवाडी

मालवणची गाडी चुकली. धर्मशाळेत आहोत. सासूबाई झोपल्यात. मला झोप नाही. आज जे झालं ते आठवून मला अजून कसंतरी होतंय.

बांद्याच्या नाक्यावर आपल्या बाजूच्या साहेबांनी बोचकी सोडायला सांगितली. भला माणूस होता. त्याने डबे बघितले, बेबिंक हुंगलं, चीजचा गोळा हातात तोलला. म्हणाला, "आजी, घरी खाण्यापुरतं न्या, त्याला कोणी नाही म्हणत नाही. पण हे दुकान झालं. काहीतरी कमी करावं लागेल. काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा."

मी म्हटलं, चीज ठेवू, चॉकलेटं ठेवू, सगळं ठेवू, पण तांबड्या कापडाची पेटी ठेवायची नाही. ती शकुनाची आहे. ती घरी जाऊनच उघडायची.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणानच."

त्यांनी पेटी उचलली. रस्त्याच्या कडेला वडाखाली नेऊन जमिनीवर ठेवली, खाली बसल्या आणि गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. दुखऱ्या दाढांनी. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, आये, असं करू नका, काशीबाईने काय सांगितलं होतं? बाबलीचं लग्न मोडेल.

त्यांनी माझा हात बाजूला केला. जोराने नाही. मग आवाज चढवला, बाजारात चढवतात तसा. "येवा रे सगळे. गोड खावा. घेवा, घेवा, कोणी लाजू नको."

आधी कोणी पुढे येईना. मग एक म्हातारी आली, मग गाडीचा ड्रायव्हर, मग गाडीतली सगळी माणसं. सासूबाई ओंजळी ओंजळीने साखर देत होत्या. पेढे साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवले. तो म्हणाला, आजी, कामावर आहे, मला चालत नाही. त्या म्हणाल्या, "खा रे बाबा, बोलाचालीचा गोड न्हय आता ह्या, नुसता गोड." त्याने एक पेढा घेतला. नारळ त्यांनी दगडावर फोडला. एका कडेवरच्या पोरीच्या हातात खोबरं दिलं. पेटी रिकामी झाली तेव्हा उलटी करून झटकली.

स्वतः मात्र काही खाल्लं नाही. मलाही दिलं नाही. मी मागितला असता तर पेढा मिळाला असता, पण मी रडत होते. हिरासारखी जाव पुन्हा मिळायची नाही. माणसं मजेत खात होती आणि मी आपली एकटी वडाच्या मुळावर बसून नाक पुसत होते.

त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. पेरादची पुडी सोडली. एक वडी मोडून अर्धी माझ्या तोंडात घातली, अर्धी स्वतःच्या गालात ठेवली. म्हणाल्या, "रडाक काय झाला? तू निवडलंस तां सगळा आसा मां?"

सगळं होतं. चीज, चॉकलेटं, दोदोल, तारल्यांचा डबा, बेबिंक, मिसकूट. साहेबाने आता बघायचंही नाही असं ठरवलं होतं.

"मगे चल घरा," त्या म्हणाल्या.

१३ एप्रिल

घरी पोचलो. अजून पडवीत माणसं आहेत, त्यांचा आवाज ऐकत लिहितेय.

काय धमाल झाली. भिकाजींनी बिस्किटाचा डबा उघडला, आत काळा गोळा बघून तोंड वाकडं केलं, मग बोट लावून चाटलं आणि डबा घेऊन कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. पार्वतीने चीज बघितलं. मग हुंगलं. मग कोणी बघत नाही असं समजून खाल्लं. बाबलीची चॉकलेटं उन्हाने मऊ झाली होती, सगळ्या पोरांची तोंडं काळी. तारल्यांचा डबा सासूबाईंनी मधोमध ठेवला आणि कोणाला हात लावू दिला नाही. उद्या तो बाजारात जाणार आहे. मी बेबिंक कापलं. थर मोजायला सगळ्यांची डोकी एकमेकांवर आपटली. मी सांगून टाकलं की हे मला करता येईल, फक्त घरात नारळ आणि निखारे पाहिजेत. सासूबाई म्हणाल्या, "कर. पयला माका दी." सगळ्यांसमोर म्हणाल्या.

बाबलीला मी बाजूला घेऊन सांगणार होते, की तुझ्यासाठी एक मुलगी बघितली होती आणि काय झालं ते मलाही कळलं नाही. पण सासूबाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. वाटेत मी त्यांना विचारलं होतं, हिराचं काय होणार? तेव्हा म्हणाल्या होत्या, "शाणा चेडू ता. तेका तेचो बरो घोव गावतलो. एकलीचो." एकलीचो म्हणजे काय? एका बाईचा एकच नवरा असतो.

हे सगळा वेळ उंबऱ्याशी उभे होते. आत आले नाहीत, बाहेर गेले नाहीत. आम्ही आलो तेव्हा आमच्या हातांकडे बघत होते, बोचक्यांकडे बघत होते, जणू त्यातून साप निघणार. माणसं जरा पांगल्यावर आईजवळ आले. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागेच होते.

"काय झाला, आये?"

सासूबाई गालातली वडी एका बाजूला सारून म्हणाल्या, "काय होवचा हुता? थंयसून हाडण्यासारख्या कायेक नाय, परशा. आसा ताच बरा आसा."

मला थोडा रागच आला. एवढं सगळं मी निवडून आणलं, वाडीभर माणसं बोटं चाटतायत, आणि म्हणे आणण्यासारखं काही नाही. पण त्या काही रागाने म्हणाल्या नव्हत्या. म्हणून मी सोडून दिलं.

हे आईच्या पायांशी बसले. मग माझ्याकडे बघितलं. गेले कित्येक दिवस यांनी माझ्याकडे धड बघितलंच नव्हतं, ते मला आत्ता समजलं.

"माका काय हाडलंस?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्ही काही नको म्हणाला होता. तरी आणलंय. मी मिसकुटाची बरणी दिली. भाकरी आणते म्हटलं तर थांबले नाहीत. बरणीत बोटं घालून कैरीची फोड काढली आणि तशीच खाल्ली. मग दुसरी. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. नाक लाल झालं. मी घाबरून म्हटलं, एवढं खाऊ नका, पोटात आग पडेल.

"तिखट आसा," हे म्हणाले. "खूप तिखट आसा गो." आणि तिसरी फोड काढली.

सासूबाई उठून परसात गेल्या. माझ्या हातातला तांब्या यांनी घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. तांब्यासकट माझा हात धरून बसले. पडवीत माणसं होती तरी सोडला नाही.

आता हे बंदरावर गेलेत. बरणी इथेच आहे, माझ्या पुढ्यात. मी आत्ताच एक फोड खाऊन बघितली.

तेवढं काही तिखट नाही.